ताप, घाम आणि एका बाजूची सूज

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय पारावर कुणी काढत नाही. दवाखान्यात गेलं तरी माणूस 'जांघेत जरा दुखतंय' एवढंच सांगतो आणि छताकडे बघतो. विषय आहे जनावरांपासून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस हा ताप, आणि त्या तापात पुरुषाच्या वृषणाला, म्हणजे आपण जिला गोळी म्हणतो तिला, येणारी सूज. दावणीला गाय-म्हैस असेल, दारात चार शेळ्या असतील, किंवा साक्रीकडच्या ठेलारी भावांसारखी मेंढरं घेऊन तुम्ही वर्षातले आठ महिने रानात असाल, तर तीन गोष्टी कानात ठेवा: ताप, घाम आणि एका बाजूची सूज.

आता आधी एक गोष्ट सांगतो. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. इंग्रजांची तिथे मोठी छावणी होती. गोऱ्या शिपायांना तिथे एक विचित्र ताप यायचा. चढायचा, उतरायचा, माणूस बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा चढायचा. महिनोन्‌महिने हेच. रात्री अंथरूण पिळून काढावं इतका घाम. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं या तापानं दगावलेल्या शिपायाच्या प्लीहेतून जंतू शोधला, त्याच्याच नावावरून ब्रुसेला. जंतू सापडला, पण तो शिपायाच्या पोटात येतो कुठून, ते पुढची अठरा वर्षं कळलं नाही. पाणी तपासलं, धूळ तपासली, डासांवर संशय घेतला.

आणि शेळ्या? त्या तर रोज सकाळी गल्लीतून फिरत होत्या. गवळी शेळ्या घेऊन दारोदार जायचा, जिना चढवून वर न्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायचा. पाणी घातलं नाही याची खात्री! समोर काढलेलं, कोमट, फेसाळ दूध. यापेक्षा शुद्ध काय असणार? शेळ्याही कशा, तर तुकतुकीत. चारा खातात, दूध देतात, आजाराचं नाव नाही. त्यामुळे शेळीला हा रोग होतच नाही असं सगळे धरून चालले होते.

१९०५ साली थेमिस्तोक्लेस झामित नावाच्या माल्टाच्याच डॉक्टरनं प्रयोगासाठी सहा शेळ्या आणल्या. बेत असा, की त्यांना जंतू टोचायचा आणि काय होतं ते बघायचं. टोचण्याआधी रीत म्हणून रक्त तपासलं. सहापैकी पाच शेळ्यांच्या रक्तात या रोगाची खूण आधीच हजर! न टोचता. सहापैकी पाच, बरं का. पुढे दुधातही जंतू निघाला. (हा झामित नंतर पुराणवस्तू संशोधक म्हणूनही नावाजला, माल्टातली हजारो वर्षांपूर्वीची मंदिरं त्यानं उकरून काढली. आपल्याकडे डॉक्टरनं दुसरं काही केलं की लोक म्हणतात प्रॅक्टिस चालत नसेल.)

त्याच उन्हाळ्यात 'जोशुआ निकोल्सन' नावाचं जहाज माल्टाहून साठेक दुभत्या शेळ्या घेऊन निघालं. अमेरिकेला चांगल्या जातीच्या शेळ्या हव्या होत्या. वाटेत खलाशांना दुधाची चंगळ. प्याले मनसोक्त, आणि मग एकेक जण तापानं पडू लागला. समुद्रावर ना छावणी, ना माल्टाचं पाणी, ना माल्टाची धूळ. होतं फक्त शेळीचं दूध. १९०६ मध्ये छावणीत शेळीचं दूध बंद केलं आणि शिपायांचा ताप झपाट्यानं ओसरला. गावातले लोक मात्र दारातलं दूध पीत राहिले आणि आजारी पडत राहिले.

ही गोष्ट खानदेशात कशाला? आपण दूध साय येईपर्यंत उकळतो, खरं आहे. पण डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधाला काय भाव येतो ते आठवा. प्लेटलेट वाढतात म्हणे, आणि तेही कच्चंच प्यायचं म्हणे! प्लेटलेट त्यानं वाढत नाहीत. उतू येईपर्यंत उकळलेल्या दुधात हा जंतू टिकत नाही, धारोष्ण दुधात टिकतो. पुन्हा सांगतो, उकळलेल्यात मरतो, धारोष्णात टिकतो.

आपल्याकडे त्याहून मोठी वाट म्हणजे हात. हा जंतू अंगात असलेली गाय दिवस भरण्याआधीच, बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते (गर्भ पडतो), शेळी शेवटच्या दोन महिन्यांत. वार, म्हणजे जार, अडकते. घरातला बाप्या बाही सारून उघड्या हातानं ती ओढतो. त्या वारेत आणि पाण्यात हा जंतू गच्च भरलेला असतो. कापूस वेचताना बोंडानं ओरबाडलेली बोटं, नखाजवळची चीर, एवढं त्याला पुरतं. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ताप सुरू होतो, कधी काही महिन्यांनीही. तोवर गाभडलेली गाय कुणाच्या डोक्यातही नसते.

आता सूज. ताप, संध्याकाळी अंग मोडणं, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणं, आणि त्यातच एका बाजूची गोळी जड होते, दुखते, सुजते. बहुतेक वेळा एकाच बाजूची. लघवीला जळजळ सहसा नसते, लघवीचा रिपोर्टही बऱ्याचदा साधा येतो, आणि तिथेच फसगत होते. पाच दिवसांच्या गोळ्या, एक इंजेक्शन, बरं वाटतं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कुणी हायड्रोसील (गोळीभोवती पाणी साठणं) म्हणतं, कुणी टीबी. सोनोग्राफीत गाठीसारखं दिसलं तर कॅन्सरच्या संशयानं गोळी काढून टाकल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. रक्ताची एक तपासणी आधी झाली असती तर ती वाचली असती.

एक अपवाद. पोरसवदा मुलाला अचानक, तासाभरात, ताप नसताना असह्य कळ आली आणि उलटी झाली, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. तिथे सहा तासांचा हिशेब असतो. थेट मोठं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

डॉक्टरांना आपणहून सांगा: 'घरी जनावरं आहेत, एक गाभडली होती, वार मी काढली.' या एका वाक्यानं तपासाची दिशा बदलते. मग रोझ बेंगॉल आणि ट्यूब अॅग्लुटिनेशन या रक्ततपासण्या होतात. ट्यूब तपासणीत १:१६० किंवा त्याहून वर आकडा आणि सोबत लक्षणं असतील तर रोग धरतात. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवलं तर 'ब्रुसेलाचा संशय' असं चिठ्ठीवर लिहायला सांगा. हा जंतू सावकाश वाढतो, आणि बेसावध तंत्रज्ञालाही लागतो.

उपचार सहा आठवड्यांचा. सहा आठवडे! मोठ्या माणसाला साधारण डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि जोडीला रोज रिफाम्पिसिन, किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. प्रमाण डॉक्टर ठरवतील. दोन औषधं का? जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, एकट्या औषधाला पुरून उरतो. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घ्या, दुधासोबत नको, आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका सोलवटते. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. ती बघून घाबरून औषध सोडणारे पुष्कळ. सोडू नका. लंगोट किंवा घट्ट आतली चड्डी घालून आधार द्या, ओझी उचलू नका. ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो आणि नेमका तिथेच माणूस गोळ्या बंद करतो. मग उलटतं. उशीर झाला तर वृषणात पू होतो, ते आक्रसतं, शुक्रजंतू कमी पडतात. मूल हवं असेल तर उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करा, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात.

जाता जाता, एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग' असं रंगवलेलं असतं ना, तो शब्दच पुसला पाहिजे. गुडघा सुजला तर कुणी गुप्त ठेवतं का?

गोठ्यात काय करायचं? वार काढताना कोपराच्या वरपर्यंतचे हातमोजे. गाभडलेलं वासरू आणि वार कुत्र्यानं ओढण्याआधी चार फूट खड्ड्यात, वर चुना. आणि कालवडींना, पारड्यांना चार ते आठ महिने वयात एकदा लस. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती आहे. गोऱ्ह्याला मात्र ही लस देत नाहीत, कारण लशीतला जंतू जिवंत असतो आणि तो त्याच्याही वृषणात सूज आणू शकतो. टोचताना सुई तुमच्याच बोटात गेली, तर जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लशीचं नाव सांगा.