युड, बाउनेन आणि वन्संची परात

नमस्कार श्रोतेहो. आजचा पदार्थ लक्झेंबर्गचा, ‘युड मात गार्डेबाउनेन’. त्या देशाचं राष्ट्रीय पक्वान्नच म्हणतात याला. डुकराच्या मानेचं मांस, खारवून धुरी दिलेलं, आणि जोडीला ब्रॉड बीन्स. आपल्या पावट्यापेक्षा अंगाने थोराड, चपटे दाणे. गोस्टिंगेन नावाचं गाव तर या शेंगांसाठी इतकं प्रसिद्ध, की गावकऱ्यांना टोपणनावही शेंगांवरूनच पडलंय.

आधी मांस. ते खारट असतं, म्हणून रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवायचं. पुन्हा सांगते, रात्रभर. सकाळी ते पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. त्यात गाजर, लीक, सेलरी, लवंगा टोचलेला कांदा, तमालपत्र, मिरी, आणि मिळाली तर मोझेल नदीकाठची पांढरी वाइन पेलाभर. किलो-सव्वा किलोचा तुकडा मंद आचेवर दोनेक तास शिजतो. कुकर नको हं. कुकरच्या शिट्ट्यांनी महाराष्ट्रातल्या निम्म्या मटणाची वाट लावलीय, पण तो विषय वेगळा.

आता दाणे. इथे मला आमच्या वन्संची गोष्ट सांगायलाच हवी. माहेर अलिबाग, दिल्या पेणला, सीकेपी. लेक-जावई लक्झेंबर्गला, त्यामुळे उन्हाळ्यात मुक्काम तिकडे. दिवसभर बस-ट्राम पालथ्या घालतात, कारण 2020पासून त्या देशात तिकीटच नाही. आपल्याकडे बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तर केवढी कुरकुर ऐकली मी! असो.

तर शेजारच्या आजींनी एका रविवारी जेवायला बोलावलं. वन्सं तासभर आधीच हजर, काही हातभार लावायचाय का बघायला. टेबलावर भलंमोठं भांडंभर दाणे, उकळत्या पाण्यातून नुकतेच काढलेले, आणि आजी एकेक दाणा सुरीच्या टोकाने सोलतायत. वन्संना राहवेना. खुर्ची ओढली, दाण्याच्या टोकाला नख लावलं, दोन बोटांत दाबला, आणि हिरवीगार डाळिंबी टुणकन बाहेर! जन्मभर बिरडं सोललेला हात तो. आजींनी सुरी बाजूला ठेवली आणि त्याही तशाच सोलू लागल्या. यांना त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली. दोघींचं आपलं टुणुक, टुणुक चाललंय.

तेवढ्यात आजींची सून आली. भांड्याकडे बघून काहीतरी बोलली. लेकीने मागाहून अर्थ सांगितला, की एवढा खटाटोप कशाला, फ्रोझन मिळतात की, आणि सालीसकटसुद्धा छान लागतात. पण वन्संना अर्थ विचारायची गरजच पडली नव्हती. आजींनी ओठ घट्ट मिटले आणि पुढचा दाणा असा काही दाबला, की तो थेट खिडकीच्या काचेवर! वन्सं म्हणतात, ‘अगं, पेणला आमच्या सासूबाईंच्या परातीतूनही असेच दाणे उडायचे. मी वेळेवर भाजी चिरायला उठायचे.’ त्या दिवशी मात्र त्या उठल्या नाहीत. सूनबाईंनाच खुर्ची ओढून दिली.

तर साल काढायची. शेंगेची एक, दाण्याची दुसरी. दोनदा सोलायचं. दाणे अगदी कोवळे असले, तर सुनेचं म्हणणं खरं, हेही सांगून टाकते.

पुढचं झटपट. बेकनचे तुकडे परतायचे, त्यात लोणी आणि मैदा बदामी भाजायचा, मांस शिजलेलं पाणी घालून दाटसर सॉस करायचा, मग दाणे. वर सेव्हरी नावाचा पाला हवाच. त्याला ओव्याच्या अंगाचा उग्र वास असतो. आपल्याकडे नाही मिळाला, तर थाइम घ्या, सोबत ओव्याचं एखादं पान. मांसाच्या जाड चकत्या, हे दाणे आणि उकडलेले बटाटे, एवढंच ताट.

आणि मीठ! सॉसची चव घेतल्याशिवाय चिमूटभरही घालू नका, ते पाणी मुळात खारट असतं. उरलेलं पाणी फेकू नका. तिकडे फरसबी आणि बटाट्याचं ‘बाउनेश्लुप’ नावाचं सूप करतात, ते या पाण्यात झकास होतं. बाहेरून खुणा चालल्यात, वेळ संपली. नमस्कार.