चोरीचा खोटा आळ आणि आपला बचाव

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्याच्या मालाला रोज हात लावणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांच्यावर चोरीचा आळ सर्वांत आधी येतो. सांगलीच्या मार्केट यार्डातला हमाल, अडत दुकानातला दिवाणजी, सराफ कट्ट्यावरच्या पेढीतला कारागीर, कुपवाडच्या कारखान्यातला स्टोअरकीपर आणि विश्रामबागेत चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांच्यापैकी कोणावरही ही वेळ येऊ शकते. या माणसांजवळ इभ्रतीशिवाय दुसरे भांडवल नसते, म्हणून आजचे माझे बोलणे प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

वकिली करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. निरपराध माणसाचे सर्वांत मोठे नुकसान न्यायालयात होत नाही, तर आळ आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होते, आणि बहुतेक वेळा ते त्याच्या स्वतःच्या भिडस्तपणामुळे होते. समजा, संध्याकाळी गल्ल्यातली रोकड जुळत नाही. मालक म्हणतात, "पोलिसांत जायला लावू नकोस, दर महिन्याच्या पगारातून फेडून टाक, कुणाला कळणारही नाही." पाहुणेमंडळीही हाच सल्ला देतात, कारण पोलीस ठाण्याची पायरी चढणे सगळ्यांनाच नकोसे वाटते. मग तो माणूस न घेतलेले पैसे भरायला तयार होतो आणि समोर आलेल्या कागदावर सही करतो. त्या कागदावर "माझ्या हातून चूक झाली, माफी असावी" एवढाच दोन ओळींचा मजकूर असला, तरी पुढे फिर्याद दाखल झाल्यावर त्याच ओळी कबुलीजबाब म्हणून त्याच्यापुढे ठेवल्या जातात. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मालकाला लिहून दिलेल्या कबुलीला मात्र ते संरक्षण नाही. ती धाकाने किंवा आमिषाने घेतली होती, हे दाखवण्याची खटपट मग वर्षानुवर्षे करावी लागते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की चोरी केलेली नसेल तर "भरून देतो" हे शब्द तोंडातून काढू नका. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मजकुरावर सही करू नका. त्याऐवजी त्याच दिवशी आपली हकीकत आपल्या शब्दांत लिहून काढा. त्या दिवशी कामावर किती वाजता आलात, किल्ल्या कोणाकडे होत्या, गल्ल्याजवळ आणखी कोण गेले, तुमच्यासोबत कोण होते, हे आज आठवते तसे सहा महिन्यांनी आठवणार नाही. दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्या वेळेचे चित्रीकरण जपून ठेवावे, असा लेखी अर्ज मालकाला द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि तुमच्या निर्दोषपणाचा एकमेव साक्षीदार कदाचित तेच असते.

गावाकडे आणखी एक प्रथा अजून दिसते. संशयिताला देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावतात. उचलला की आपण सुटलो, असे त्या बिचाऱ्याला वाटते. नाकारला तर तो गावाच्या नजरेत चोर ठरतो. श्रद्धेचा मी अनादर करीत नाही, पण अशा शपथेने कायद्याच्या दृष्टीने काहीच सिद्ध होत नाही आणि तिची सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता पोलिसांकडे तक्रार गेलीच, तर काय होते ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आणि तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली असेल, तर कलम ३०६ प्रमाणे ती सात वर्षांपर्यंत जाते. वस्तू हलवली एवढ्याने चोरी होत नाही, त्यामागे अप्रामाणिक हेतू लागतो. वस्तू आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने ती उचलणारा माणूस चोर ठरत नाही, आणि हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. पाच हजार रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीत वस्तू परत केल्यास तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद चांगली आहे, परंतु ती ऐकून "कबूल करून टाक, झाडलोट करून सुटशील" असे कोणी सांगितले, तर लक्षात ठेवा की तीही दोषसिद्धीच असते.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात केवळ तक्रार आली म्हणून अटक करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. ती आली तर पळू नका. भीतीने कर्नाटकात पाहुण्यांकडे निघून जाणारा निरपराध माणूस आपल्याच हाताने संशय बळकट करतो. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा तुम्हाला हक्क आहे. अटक झालीच, तर तिची कारणे तुम्हाला सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर ती त्याच वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगा.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात गलाई व्यावसायिकांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. एखादा चोर पकडला जातो, तो "माल अमुक दुकानात दिला" असे सांगतो आणि पोलीस दारात येऊन "रिकव्हरी द्या (म्हणजे चोरीचा म्हणून तेवढा माल भरून द्या) आणि मोकळे व्हा" म्हणतात, ही या लोकांची जुनी तक्रार आहे. हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, कारण येथेही भीतीपोटी भरलेली वस्तूच पुढे पुरावा होते. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा होण्यासाठी तो चोरीचा आहे हे माहीत असणे, किंवा तसे मानायला सबळ कारण असणे, आवश्यक आहे. मात्र चोरीनंतर लगेच माल तुमच्याकडे सापडला आणि तो कसा आला याचा खुलासा तुम्हाला देता आला नाही, तर न्यायालय तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणून माल आणणाऱ्याचे ओळखपत्र, वजन, तारीख आणि दागिन्याचे छायाचित्र यांची नोंद वहीत ठेवा, आणि पैसे शक्यतो बँकेतून द्या. जप्ती झालीच तर पंचनाम्यात वजन बरोबर लिहिले आहे का ते पाहा आणि त्याची प्रत मागा. नव्या कायद्यात झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे, हेही शांतपणे सांगा.

आळ घेणाऱ्यावर उलट खटला करावा का, असे मला अनेक जण विचारतात. जाणूनबुजून खोटी फिर्याद देणे हा गुन्हा आहे आणि बदनामीचा दावाही करता येतो. तरीही प्रामाणिक गैरसमजातून आलेला संशय आणि सूडाने रचलेली फिर्याद यांत फरक आहे, आणि रागाच्या भरात पहिल्याच आठवड्यात उलट तक्रार करू नये, असे माझे मत आहे. आधी स्वतःच्या बचावाची कागदपत्रे पुरी करा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी कबुली देऊ नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो. त्यासाठी सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० वरही मदत मिळते. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवा, कारण पुढच्या नोकरीच्या वेळी आणि पोलीस पडताळणीच्या वेळी ती दाखवावी लागेल.