एका घासापायी तीस धपाटे

नमस्कार श्रोतेहो.

आज मी ज्या मंडळींविषयी बोलणार आहे, ती तुम्हाला कधी दिसलेली नाहीत, आणि रेडिओवर त्यांच्याविषयी बोलण्यात एक सोय अशी की या घटकेला मीही तुम्हाला दिसत नाही. विषय आहे प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रपटाचा, म्हणजे ज्यात थोडे हसू असते, थोडे रडू असते आणि शेवटी दोघांचे जमते, अशा चित्रपटामागे राबणाऱ्या माणसांचा.

३० डिसेंबर २०२२ रोजी ‘वेड’ प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी लातूरला जाऊन तो पाहिला. रितेश देशमुख म्हणजे बाभळगावचा, आपल्या जिल्ह्यातला माणूस, त्यामुळे चित्रपटगृहात लग्नघरासारखी गडबड होती. शेवटचे दृश्य संपले आणि पडद्यावर श्रेयनामावली वर सरकू लागली, तसे सगळे उठले. कोणी चपला शोधू लागले, कोणी झोपलेले मूल खांद्यावर घेतले. मी बसून राहिलो. दिवे लागले, झाडूवाला आला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘‘संपला की पिच्चर सर. कशाची वाट बघूलालाव?’’ मी म्हणालो, ‘‘नावं वाचतोय.’’ त्यावर त्याने पडद्याकडे एकदा वळून पाहिले, आणि इतकी वर्षे तिथे काम करूनही ती नावे आपण कधी वाचली नाहीत, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले.

त्या नावांपैकी काही आपल्याला पाठ असतात. ‘वेड’चे दिग्दर्शन रितेश यांनी केले, आणि तो दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच चित्रपट होता, जिनिलिया यांची मराठीतली ती पहिली प्रमुख भूमिका होती. सोबत जिया शंकर होत्या आणि अशोक सराफ होते. पात्रनिवड ही केवढी मोठी कारागिरी असते, हे इथे पाहण्यासारखे आहे. रितेश आणि जिनिलिया या दोघांचाही पहिला चित्रपट एकच होता, २००३ सालचा ‘तुझे मेरी कसम’. २०१२ मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी ते पडद्यावर नवरा-बायको म्हणून समोर आले. प्रेक्षक तिकीट काढण्याआधीच त्यांच्या संसाराशी ओळख करून बसलेला असतो, त्यामुळे नवऱ्याने बायकोकडे पाठ फिरवली, एवढ्यानेच त्याच्या पोटात कालवते, आणि हे काम कोणत्याही संवादाने इतक्या झटपट झाले नसते.

संवादांची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘वेड’ची मूळ कथा २०१९ च्या ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटाची. कथा परप्रांतातून आणता येते, बोलणे आणता येत नाही. ते इथल्याच घरात, इथल्याच ओसरीवर जन्मावे लागते. ते काम ‘संगीत देवबाभळी’ लिहिणाऱ्या प्राजक्त देशमुख यांनी केले, आणि गाणी अजय-अतुल यांनी नव्याने बांधली. माझ्या मते प्रेमाच्या विनोदी चित्रपटात सर्वांत अवघड जागा संवादलेखकाची असते, कारण नायकाला जे म्हणायचे आहे ते सोडून बाकी सगळे त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे असते. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तील वाक्ये आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून एसटीच्या रांगेपर्यंत सर्वत्र ऐकू येतात, पण ती लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचे नाव त्या रांगेत विचारून पाहा, दहांत एखादा सांगेल.

पूर्वी हे असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण खरे नाही. दादासाहेब फाळके १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते, तेव्हा सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडत होत्या, रसायने कालवत होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत होत्या. आपल्याला दादासाहेब ठाऊक असतात. एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. १९३६ मध्ये कोल्हापुरात ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था निघाली, ती मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक या तिघांची होती, आणि यातले नाईक हे छायाचित्रकार. कॅमेऱ्यामागचा माणूस तिथे मालकीत भागीदार होता. याच संस्थेने १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ काढला: लेखन आचार्य अत्र्यांचे, संगीत दादा चांदेकरांचे, विनायक स्वतः नायक आणि दिग्दर्शक, मीनाक्षी शिरोडकर नायिका. प्रेम आणि विनोद यांचे लग्न मराठी पडद्यावर इतक्या धिटाईने आधी फारसे लागले नव्हते, आणि माझा आपला तर्क असा की कॅमेरावाला घरचाच असल्यामुळे ती धिटाई थोडी सोपी झाली असावी.

असो. आता जे मी डोळ्यांनी पाहिले त्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातल्या आमच्या गावात अशाच एका चित्रपटाचे चित्रीकरण झाले. चित्रपटाचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही येणार आहे. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, म्हणून बोलीभाषेच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मला सोबत घेतले होते.

दृश्य साधे होते. मुलीला स्थळ पसंत नाही आणि ते सांगायला ती स्वतःच मुलाच्या घरी आली आहे. मुलगा गोंधळून तिच्यापुढे धपाटे ठेवतो. ती एक घास खाते, मिरची झोंबून तिच्या डोळ्यांत पाणी येते, आणि मुलाला वाटते की नकार देताना हिला रडू येत आहे. म्हणजे एकाच घासात विनोदही आहे आणि चित्रपटाचे पुढचे सगळे दुखणेही आहे.

कागदावर हे चार ओळींत बसते. प्रत्यक्षात त्याला पूर्ण दिवस लागला. प्रत्येक टेकला धपाटे अखंड हवे, कारण घास पहिल्यांदाच तोडला जात आहे असे दिसायला हवे. आणि घास तोडल्यानंतरच्या शॉटमध्ये ते नेमके तेवढेच, डाव्या बाजूने अर्धचंद्रासारखे तुटलेले हवे. हे सांभाळायला एक साहाय्यक दिग्दर्शिका होती, जेमतेम पंचविशीची. तिच्या वहीत वेणी कोणत्या खांद्यावर आहे, पाण्याचा तांब्या किती भरला आहे, बाहीची घडी कोपराच्या वर आहे की खाली, अशा नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंदीसोबत मोबाइलमध्ये काढलेला फोटो. आमच्या शेजारच्या मावशी चुलीपाशी बसून ओल्या फडक्यावर धपाटी थापत होत्या. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, तीळ, ओवा, लसूण, मिरची, चिमूटभर हळद. दुपारपर्यंत तीस झाली तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘‘मास्तर, हिच्या एका घासापायी माझा डबा सरला की वो.’’

पुढची अडचण आवाजाची. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे ठरले होते. ध्वनिमुद्रक कानांवर हेडफोन लावून बसला होता, आणि आमच्यापैकी कोणालाही ऐकू न येणारी एक घरघर त्याला ऐकू येत होती. शोधल्यावर ती वाड्यामागच्या मळ्यातल्या मोटारीची निघाली. निर्मिती व्यवस्थापक शेतकऱ्याकडे गेला, तासाचे पैसे देऊ म्हणाला. शेतकऱ्याने ऊस दाखवला आणि म्हणाला, ‘‘थ्री फेज लाईट आता आलीया, ती गेली की पुन्हा रातच्याला. पैशानं पाणी येतंय का?’’ त्याचे म्हणणे बिनतोड होते. मग वेळापत्रक उलटे करण्यात आले: ज्या शॉटमध्ये कोणी बोलत नाही ते आधी उरकले, आणि साठ-सत्तर माणसांचे ते सगळे युनिट वीज जाण्याची वाट पाहत कडुलिंबाखाली बसून राहिले. भारनियमनाची इतक्या आतुरतेने वाट पाहणारी माणसे मी मराठवाड्यात त्याआधी कधी पाहिली नव्हती.

वीज गेली, संवाद झाले, आणि मग ध्वनिमुद्रकाने सर्वांना जागच्या जागी थांबायला सांगून अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून घेतली. याला ते लोक रूम टोन म्हणतात. श्रोतेहो, आपण रेडिओ ऐकणारी माणसे, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, की शांतता प्रत्येक जागेची वेगळी असते. त्या अर्ध्या मिनिटात कडुलिंबाची पाने होती, लांबवर एका शेळीच्या गळ्यातली घंटा होती, चुलीतले लाकूड एकदा तडकले. संकलनात दोन वाक्यांच्या मधली जागा वाढवायची झाली, तर तिथे हीच शांतता भरतात; तिथे नुसतेच काही नसले, तर प्रेक्षकाच्या कानाला खड्डा लागतो. तिचा नकार आणि त्याचे ‘बरं’ यांच्यामध्ये चित्रपटात जो विराम आहे, त्यात आमच्या गावची ती शेळी आहे.

आता नायिकेच्या डोळ्यांतल्या प्रेमाविषयी. त्या दिवशी नायकाचे सगळे शॉट सकाळीच आटोपले होते आणि तो दुसऱ्या कामासाठी निघून गेला होता. नायिकेचा क्लोज-अप झाला तो दुपारी चारला. ती लाजून, गहिवरून ज्याच्याकडे पाहत होती, तो कॅमेऱ्याशेजारी उकिडवा बसलेला, आठवड्याची दाढी वाढलेला एक साहाय्यक होता, आणि नायकाची वाक्ये तो हातातल्या कागदावरून एकसुरात वाचत होता. प्रकाशवाल्याने थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून तिच्या डोळ्यांत चमक आणली होती. तिने मात्र त्या दाढीवाल्याकडे असे काही पाहिले, की तो वाचता वाचता एका ओळीवर अडखळला. अभिनय कशाला म्हणतात ते मला तिथे कळले.

माझे स्वतःचे काम बोलीचे होते आणि माझी तक्रारही तिथलीच आहे. संहितेत नायकाची भाषा पुस्तकी होती आणि घरगड्याची तेवढी मराठवाडी. ‘‘तू हितं काय करूलालीस?’’ हे वाक्य गड्याच्या तोंडी होते, आणि लोकांनी हसावे म्हणूनच ते तिथे ठेवले होते. मी दिग्दर्शकाला म्हणालो, की औशाचा मुलगा घरात आलेल्या मुलीला हेच विचारेल आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. उलट बावरलेल्या माणसाच्या तोंडून ते आले तर गोड लागेल. मकरंद अनासपुरे यांच्यासारखा, आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून घडलेला नट ही बोली घेऊन नायक होऊ शकतो, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. त्याच विद्यापीठाच्या शहरातून चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांच्यासारखे दिग्दर्शक-लेखक आले. मग ही भाषा अजून घरगड्यापुरती का ठेवायची? दिग्दर्शकाने बरेच ऐकून घेतले आणि ते एक वाक्य नायकाला दिले. एकच दिले. नट मुंबईचा होता, त्याला शब्द जमले पण शेवटची ओढ जमेना. पुढे मला पुण्याला डबिंगसाठी बोलावले, आणि त्या एका वाक्याला आम्ही दीड तास बसलो.

तिथेच शेजारच्या खोलीत संकलन चालले होते. चित्रपट एका सेकंदाला २४ चौकटींनी पळतो, हे मी शाळेत मुलांना शिकवले होते, पण त्यातल्या सहा चौकटी, म्हणजे पाव सेकंद, किती मोठा असतो ते तिथे पाहिले. नायिकेच्या डोळ्यांत पाणी येते आणि मग मुलाचा गोंधळलेला चेहरा दिसतो; संकलकाने तो चेहरा सहा चौकटी आधी आणून दाखवला तर मला काहीच वाटले नाही, आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवला तर मी मोठ्याने हसलो. तीच माणसे, तेच धपाटे. विनोद नटाचा म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण त्या पाव सेकंदावर सही दुसऱ्याच कोणाची असते.

पुढे वर्षभराने तो चित्रपट दूरचित्रवाणीवर आला. गावाने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टीव्ही मांडला. अखेरच्या नामावलीत ‘आभार : समस्त ग्रामस्थ’ अशी एक ओळ असल्याचे मला कळले होते, पण वाहिनीने ती नामावली अर्ध्यातच तोडून साबणाची जाहिरात सुरू केली, त्यामुळे ती ओळ कोणालाच दिसली नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि सगळे पांगले. मावशी तेवढ्या बसून होत्या. अशा चित्रपटांना शेवटी रंग सुधारणारा तंत्रज्ञ उबदार, पिवळसर छटा देतो, म्हणजे दुपारचे ऊनही सायंकाळच्या उन्हासारखे दिसते. हे मला पुण्यात समजले होते, मावशींना कोणी सांगितले नव्हते. त्या बंद पडद्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘मास्तर, धपाटं लै पिवळं दिसलं वो. एवढी हळद मी घातलीच नव्हती.’’