अँटिगनी: भावाला माती द्यायची आहे

गोष्ट तशी छोटीच. राजा क्रेऑन हुकूम काढतो की गद्दाराचं प्रेत पुरायचं नाही, उघड्यावर पडू द्यायचं, आणि मेलेल्याची बहीण अँटिगनी सरळ जाऊन त्याला माती देते. ग्रीसमध्ये सोफोक्लिसने हे लिहून 2400 वर्षं होऊन गेली, तरी जगात कुठे ना कुठे हे नाटक उभं राहतंच, कारण आपल्या माणसाचं प्रेत न मिळालेल्या बहिणी सगळीकडेच आहेत.

साउथ आफ्रिकेत रॉबेन आयलंडच्या जेलमध्ये कैद्यांनी अँटिगनी केलं, त्यात क्रेऑन झाले होते चक्क नेल्सन मंडेला. तिथल्याच कैद्यांच्या अशा प्रयोगावरून 1973 मध्ये अथोल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्चोना यांनी 'द आयलंड' हे नाटक उभं केलं. त्यात एक कैदी बाईचा विग घालायला लाजतो, सगळे हसतील म्हणून चिडतो, आणि शेवटी तोच विग काढून फेकतो आणि स्वतःच्या नावाने बोलायला लागतो... तिथे मग ग्रीक काही उरतच नाही.

नायजेरियात नाटककार फेमी ओसोफिसानची तेगोन्नी ही योरुबा राजकन्या, हुकूम काढणारा ब्रिटिश गव्हर्नर, आणि गंमत म्हणजे खुद्द अँटिगनीच तिला भेटायला स्टेजवर येते!

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडतो तो पेरूचा प्रयोग. 1980 ते 2000, लष्कर आणि शायनिंग पाथ या माओवादी बंडखोरांच्या मधे सापडून सुमारे 69 हजार माणसं मेली किंवा गायब झाली, असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज. 2000 साली युयाचकानी या नाटक ग्रुपच्या तेरेसा राल्लीने हे नाटक एकटीने केलं, राजा पण तीच, पहारेकरी पण तीच, आणि त्यासाठी ती आधी बेपत्ता लोकांच्या आयाबहिणींना भेटली, त्यांच्या बोलण्यातून, हालचालींतून भूमिका घडवली. कवी होसे वातानाबेंच्या या संहितेत अगदी शेवटी कळतं की इतका वेळ गोष्ट सांगणारी बाई इस्मेने आहे, म्हणजे घाबरून मागे राहिलेली दुसरी बहीण. नुसते कपडे आणि मुखवटे बदलून नाटक आपलं होत नाही असं मला ठाम वाटतं, इथे तर दुःख कोणाचं हेच बदललं, कारण पेरूत कितीतरी लोक इस्मेनेसारखे जीव मुठीत धरून गप्प राहिले होते, आणि मूळ नाटकात जिला जेमतेम दोन प्रवेश मिळतात तिला वातानाबेंनी अख्खं नाटक दिलं.