बालवाडीतला बाजार

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या प्रकल्पांबद्दल. अंगणवाडीतल्या सेविकाताई आणि मदतनीस, बालवाडीच्या शिक्षिका, आणि या वयाची मुलं घरात असलेले आईबाबा, आजीआजोबा, तुम्हा सगळ्यांशीच हे बोलणं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गल्लोगल्ली किल्ले होतात. दगडविटांवर गोणपाट पसरायचं, त्यावर चिखल लिंपायचा, उतारावर मोहरी नाहीतर हळीव पेरायचे आणि हिरवळ येईपर्यंत रोज पाणी शिंपडायचं. बुरूज थोरली मुलं रचतात, पाण्याचा तांब्या धाकटी आणतात. चिखल ढासळला की वादावादी होते आणि थोड्या वेळानं पुन्हा लिंपालिंपी सुरू. शेवटी शेजारीपाजारी बघायला येतात. शिक्षणशास्त्रात जिला प्रकल्प पद्धत म्हणतात, ती हीच. अमेरिकेत विल्यम किल्पॅट्रिक यांनी १९१८ साली तिची मांडणी केली. मुलानं मनापासून हाती घेतलेलं काम हा तिचा गाभा.

पण शाळेत प्रकल्प म्हटलं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. रात्री अकराला थर्माकोल कापायचा, सकाळी मुलाच्या हातात द्यायचा आणि शाळेनं तो कपाटावर मांडायचा. त्यात मुलाचा हात कुठेच लागलेला नसतो. बालवाडीत तर हे मुळीच नको. या वयाच्या मुलाचा प्रकल्प त्याच्या प्रश्नातून निघाला पाहिजे आणि त्याच्या हातांनी पुढे गेला पाहिजे, मग तो कितीही वेडावाकडा होवो.

यासाठी लागणारं साहित्य महाग असतं, हा समज मात्र आपण सोडून द्यायला हवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. खास बनवलेली साधनं हाताळत मूल स्वतःच शिकतं ती माँटेसरी पद्धत ताराबाईंना चांगली ठाऊक होती. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातेत भावनगरला त्यांनी ती राबवलेली होती. पण ती महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? मग शंखशिंपले, बिया, पानं, काड्या, खडे हेच साधन झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथं कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून जी मुलं शाळेत येत नव्हती, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. मूल जिथं आहे आणि जसं आहे, तिथून सुरुवात करायची, ही त्यांची धारणा मला आजही सर्वांत मोलाची वाटते.

आज शासनाकडून साहित्य येतं. शाळांची पुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेनं २०२३ मध्ये तीन ते आठ वयासाठी ‘जादूई पिटारा’ आणला. त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, बाहुल्या आहेत, चित्रकार्डं आहेत. चांगलं साहित्य आहे. पण मोडेल, हरवेल, तपासणीला दाखवायला हवं म्हणून अशा पेट्या कुलपात ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ताई, मोडू द्या. बाहुलीचा हात तुटला तर तो मुलांसमोर शिवायला घ्या, तेही शिक्षणच आहे. तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. छताजवळ लावलेला तक्ता फक्त पाहुण्यांना दिसतो.

आता एक प्रकल्प जरा सविस्तर सांगते. एका गावच्या बालवाडीत तो जवळून पाहता आला. गावात आठवडी बाजार भरायचा. ताईंनी मुलांना विचारलं, “बाजारात काय काय असतं?” मुलं सांगत गेली आणि ताई त्यांच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहीत गेल्या. वांगी असतात, जिलेबी असते, चिखल असतो. एक मुलगा म्हणाला, “बाजारात माझे बाबा असतात.” त्याचे वडील कांदे-बटाटे विकायला बसत. तेही ताईंनी लिहिलं. मग मुलांना काय विचारायचंय ते ठरलं: पैसे कुठं ठेवता? उरलेल्या भाजीचं काय करता? पाऊस आला तर?

बाजाराच्या दिवशी, सकाळी गर्दी व्हायच्या आधी, दोन आया आणि मदतनीस मावशींना बरोबर घेऊन ताई मुलांना तिकडे घेऊन गेल्या. भाजीवाल्या आजींनी पैसे ठेवायची जागा दाखवली, बसायच्या गोणपाटाखाली. मुलं खूश! पण सगळ्यांत जास्त वेळ ती रेंगाळली मिरच्यांच्या वाट्यांपाशी. आजी न मोजता हातानं वाटे लावत होत्या आणि सगळे सारखे दिसत होते.

परत आल्यावर अंगणात बाजार मांडला गेला. तागडी हवी, असं मुलांनीच ठरवलं. दोन करवंट्या, सुतळी आणि एक काठी. पण काठी एका बाजूला कलायला लागली, कारण एक करवंटी जाड होती. ताईंनी ती सरळ करून दिली नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि शिकवणाऱ्याला सर्वांत अवघड जातं ते हेच. बराच वेळ खटपट चालली. एका मुलीनं हलक्या करवंटीला खालून चिखलाचा गोळा थापला. काठी दुसरीकडे कलली. तिनं थोडा चिखल खरवडून काढला. पुन्हा बघितलं, पुन्हा खरवडला. समतोल, कमी, जास्त हे शब्द तिथं कुणी उच्चारले नाहीत, पण त्यांचा अर्थ त्या मुलीच्या बोटांना कळला होता.

मग चिंचोक्यांचे वाटे लागले. “ताई, हिचा वाटा मोठाय!” अशी तक्रार आली. ताई म्हणाल्या, “कसं कळलं?” मग एकास एक जोडी लावून चिंचोके समोरासमोर ठेवले गेले. दोन्हीकडे सारखेच निघाले. एक वाटा नुसता पसरून मांडलेला होता. पसरलेलं म्हणजे जास्त नाही, हे या वयाला पटायला वेळ लागतो, पाटीवर अंक गिरवून ते पटत नाही. पाच-सहा वर्षांची मुलं भावाच्या पाट्या लिहायला बसली. कुणी रेघोट्या मारल्या, कुणी कांद्याचं चित्र काढून शेजारी पाच टिंबं दिली. ती पाटी ताईंनी तशीच लावली. तीन वर्षांच्या पिलांना पाट्यांशी देणंघेणं नव्हतं. ती बटाटे टोपलीत भरत होती आणि ओतत होती. त्यांचा तेवढाच भाग, आणि तो पुरेसा होता.

साहित्याबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. बिया गोळा करताना गुंजा, एरंडाच्या बिया आणि बिट्टीची फळं मुलांच्या हाती देऊ नका. गुंजा दिसायला फार सुंदर असतात, पण या तिन्ही विषारी आहेत. चिंचोके, वाटाणे, मणी नाकात किंवा घशात जाऊ शकतात, म्हणून मोठं माणूस शेजारी असेल तेव्हाच ते काढायचे. तीन वर्षांखालची भावंडं आसपास रांगत असतील तर काढूच नयेत. त्यांच्यासाठी करवंट्या, डबे, झाकणं, कापडाचे तुकडे भरपूर झाले.

विषय शोधायला लांब जावं लागत नाही. श्रावणात मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात. काही दाणे मातीत लावले तर पुढचे बरेच दिवस बोलायला विषय होतो. थंडीत जवळपास गुऱ्हाळ असेल तर गूळ होताना बघता येतो, अर्थात रस उकळत असलेल्या काहिलीपासून लांब उभं राहून. शहरात बेकरी आहे, शिंप्याचं दुकान आहे, सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आहे. आपल्या नळाला पाणी कुठून येतं, हा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला बरेच दिवस पुरतो. मुलांचा रस संपला की मात्र थांबायचं. ठरवलंय म्हणून ओढत न्यायचं नाही.

आता पालकांचं. “आज काय शिकवलं?” असं विचारत ते वही उघडतात आणि कोरी दिसली की नाराज होतात. ती काळजी खोटी नाही, फी भरलेली असते, शेजारचं मूल एबीसीडी म्हणत असतं. त्यांना सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून, कृतीतून शिकण्याचा टप्पा आहे. पण धोरणापेक्षा पालकांना पटतं ते स्वतःच्या मुलाचं बोलणं. म्हणून एक साधी वही ठेवा. मूल काम करताना जे बोललं ते तारीख घालून, त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहून ठेवा. “ताई, चिखल लावला म्हणून काठी वर गेली” असं वाक्य जूनमध्ये, तसंच दुसरं डिसेंबरमध्ये. पालकसभेला गुणपत्रकाऐवजी ही पानं वाचून दाखवा, आणि ज्यांना शक्य आहे त्या आईला, आजोबांना, शिंपीकाकांना पुढच्या प्रकल्पात तासभर येऊन बसायला सांगा.

नमस्कार.