गारठ्यातले हार्डफेसिंग आणि तड्यांची पारख

मित्रहो, कोकणात थंडी ती केवढी, असे म्हणून आपण हा विषय हसण्यावारी नेतो. परंतु रात्रभर उघड्यावर राहिलेली जेसीबीची बकेट डिसेंबरात सकाळी दवाने ओली असते, आणि चिरेखाणीवरचे काम सुरू व्हायच्या आत तिचे दात भरून हवे असतात, म्हणजे झिजलेल्या दातांवर वेल्डिंगने कडक धातूचा थर चढवून हवा असतो. यालाच हार्डफेसिंग म्हणतात. अशा घाईत केलेला भराव फुटला, की खापर वेल्डिंगच्या रॉडवर फुटते. रॉड बदलण्यापूर्वी तडा नीट पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.

क्रोमियम कार्बाइड या अतिकठीण संयुगाच्या भरावावर रेघेला, म्हणजे वेल्डिंगच्या एका ओळीला, आडवे, थोड्याथोड्या अंतरावर केसासारखे तडे पडतात. हा भराव ताणला जात नाही, म्हणून निवताना आतला ताण असा मोकळा होतो. ते तडे बुजवण्याच्या फंदात पडू नये. मात्र रेघेच्या कडेने लांबवर धावणारा किंवा भरावाखालून मूळ पोलादात शिरणारा तडा हा खरा दोष होय. तो पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी उघडा पडतो आणि भरावाचा पोपडा सुटतो. ओलाव्यातून आलेला हायड्रोजन, झटकन निवल्यामुळे कडक झालेले पोलाद आणि अडकून राहिलेला ताण ही तीन कारणे तेथे एकत्र येतात. गारठा त्यांपैकी पहिल्या दोहोंना हातभार लावतो.

थंड जॉबवर, म्हणजे ज्यावर काम चालले आहे त्या वस्तूवर, रेघ पसरत नाही, उंचवट्यासारखी बसते. मग कारागीर अँपिअर वाढवतो. हा उपाय मला चुकीचा वाटतो, कारण करंट वाढला की खालचे पोलाद अधिक वितळून भरावात मिसळते आणि ज्या कडकपणासाठी महागडा रॉड घेतला तोच उतरतो. उष्णता जॉबला द्यावी. मध्यम कार्बनच्या किंवा मिश्र पोलादाच्या दातांना साधारणतः 150 ते 250 अंश सेल्सिअस प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगपूर्वीची तापवणी, लागते, आणि ती टेम्परेचर चॉकने, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने, तपासावी. टॉर्चची ज्योत थंड लोखंडावर धरताच तेथे ओलसर चमक दिसते. ते ज्योतीतूनच तयार झालेले पाणी असते. ती उडाली म्हणजे प्रीहीट झाली असे नव्हे, तेथून खरी तापवणी सुरू होते. काम झाल्यावर जॉब कोरड्या राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. भाताच्या तुसाची राख आपल्याकडे फुकट मिळते आणि ती उष्णता उत्तम धरते.

आता रॉडविषयी. रेघेच्या सुरुवातीलाच पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी छिद्रे, दिसत असतील, तर फ्लक्सने, म्हणजे रॉडवरच्या लेपाने, दमट हवा ओढली आहे असे समजावे. असे रॉड उन्हात वाळवून भागत नाही आणि होल्डरमध्ये धरून लोखंडाला चिकटवून लाल केल्यास फ्लक्सच बिघडतो. बेसिक लो-हायड्रोजन रॉड, म्हणजे भरावात हायड्रोजन कमी जावा म्हणून बनवलेले रॉड, बहुधा 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजतात. इतर रॉडसाठी पुडक्यावरचाच आकडा पाळावा.

खडी क्रशरच्या जॉ प्लेटला, म्हणजे दगड चिरडणाऱ्या जबड्याच्या पाटीला, मात्र प्रीहीटचा हा नियम लावू नये. ती प्रायः मँगनीज पोलादाची असते. चुंबक तिला चिकटत नाही, फार तर घासलेल्या पृष्ठभागावर किंचित ओढ जाणवते. हे पोलाद तापून राहिले की ठिसूळ होते, म्हणून तिची ओल आणि गारठा तेवढा घालवावा, आखूड रेघा जागा बदलून माराव्यात आणि दोन रेघांच्या मध्ये प्लेट 260 अंशांच्या वर जाऊ देऊ नये.