दुधाच्या तीन बाटल्या

[दृश्य: विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन. दूधवाल्याचं दुकान, काउंटरवर दुधाचं मोठं भांडं.]

एक साधं गिऱ्हाईक एक पाइंट दूध मागतं आणि पैसे देतं. लगोलग मागून अन्न निरीक्षक आत येतो आणि सांगतो, हे दूध भेसळीच्या तपासणीसाठी घेतलं आहे. दुकानदार निरीक्षकांना चेहऱ्याने ओळखत, म्हणून आधी दुसऱ्याला पाठवायचं. आणि दूध विकतच घ्यावं लागे, कारण ब्रिटनच्या १८७५ च्या अन्न-औषध विक्री कायद्यात गुन्हा होता तो मागितलेल्या प्रतीचा माल न देता गिऱ्हाइकाचं नुकसान करण्याचा.

पुढची पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. दुकानातच, मालकासमोर दुधाचे तीन भाग करायचे. एक बाटली मालकाला, एक सरकारमान्य विश्लेषकाला, एक निरीक्षकाकडे. प्रत्येकीवर लाखेची मोहोर. साय वर चढलेली असताना तसंच ओतलं, तर पहिल्या बाटलीत स्निग्धांश जास्त जातो, तिसरीत कमी, आणि खटला तिथेच लंगडा पडतो. म्हणून ओतण्याआधी दूध या भांड्यातून त्या भांड्यात करून नीट एकजीव करून घ्यायचं.

नुसत्या लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर, विसंबणं धोक्याचंच. चांगल्या दुधाची सापेक्ष घनता साधारण १.०२८ ते १.०३४. साय काढली की ती वाढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही बेताने केलं, तर लॅक्टोमीटर चांगल्या दुधाचाच आकडा दाखवतो.

[दृश्य: गर्बरची काचनळी, जवळून.]

त्यावर उपाय दुधातला स्निग्धांश मोजणाऱ्या गर्बरच्या नळीचा. आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल, मग सुमारे ११ मिलिलिटर दूध, नळीच्या कडेने, सावकाश. शेवटी १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून, फडक्यात गुंडाळून हलवायची, कारण नळी चांगलीच तापते. मग यंत्रात गरगर फिरवायची, ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची आणि वर तरंगणाऱ्या स्निग्धांशाची उंची मोजायची. दूध घाईने ओतलं तर ते करपतं, स्निग्धांशात काळे कण येतात. असा आकडा धरायचा नाही.

१९०१ च्या दूध विक्रीच्या नियमांनी किमान प्रमाण ठरवलं: स्निग्धांश ३ टक्के, इतर घन पदार्थ ८.५ टक्के. ते घन पदार्थ ७.६५ भरले, तर दहा टक्के पाणी घातल्याचा हिशेब. पण गाईनेच तसं दूध दिलं, हे सिद्ध करायची मुभा विक्रेत्याला होती.

दूध टिकावं म्हणून बोरिक आम्लही घातलं जाई. ते ओळखायला हळदीचा कागद लागे. दुधाची राख आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवून त्यात कागद बुडवायचा आणि वाळवायचा. तो लालसर झाला आणि अल्कलीचा थेंब पडताच हिरवट-काळा पडला, की बोरिक आम्ल नक्की. बाळांच्या दुधात हे जात होतं, आणि दुधात परिरक्षकं घालायला सरसकट बंदी आली ती थेट १९१२ मध्ये. फार उशीर झाला होता.

तिसरी बाटली वादाच्या वेळी न्यायालयामार्फत सरकारी प्रयोगशाळेत जाई. तोवर दूध आंबलेलं असे, त्यामुळे नासण्याने झालेली घट हिशेबात धरावी लागे.

भारताच्या १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यातही नमुन्याचे तीनच भाग होते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते चार केले. व्यावसायिकाने मागणी केली, तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो.